रिकाम्या पाण्यावर रोखलेल्या तोफा

यशा,

तुझ्या नावाचा बाक मी नाकारला आहे. लेखी नाकारला आहे, कारण तोंडी नकार कोणाच्या दप्तरी राहत नाही. तू गेलास त्याला अजून महिना झालेला नाही, आणि ज्या संग्रहालयाने तुझे वाक्य खोडले त्याच संग्रहालयाच्या समितीने, तुझ्या स्मरणार्थ नदीकाठी लाकडी बाक बसवण्याचा ठराव एकमताने संमत केला. ठरावात तुझे नाव 'जॅश' असे आहे. तुला जिवंतपणी त्या नावाचे काही वाटत नसे. मला वाटत होते, आणि आता जास्त वाटते.

मेव्हणा गेला तर रडायचे सोडून हा म्हातारा हे काय मांडून बसला, असे लोक म्हणतील. रडणे तुझ्या ताईच्या वाट्याला आले आहे आणि ती ते दार लावून, कोणाला त्रास न देता करते. माझ्या वाट्याला राग आला आहे. तो मी वाया जाऊ देणार नाही.

तू आम्हाला ती नदी पहिल्यांदा दाखवलीस तो दिवस मला पुन्हा पुन्हा आठवतो. धरणांच्या नोकरीसाठी तू टेनेसीत गेलास, आणि आम्ही न्यू जर्सीहून कितीदा बोलावले तरी तिथून हलला नाहीस. लग्नही केले नाहीस. "ह्याची बायको म्हणजे ती नदी, आणि मी तिची नणंद," असे शैला सगळ्यांना सांगत असे. त्या दिवशी तू आम्हा दोघांना एका उंचवट्यावर नेऊन उभे केलेस. समोर धरणाने फुगवलेले रुंद, सुस्त पाणी, आणि गळ टाकून बसलेले दोन म्हातारे. पाहण्यासारखे काहीही नव्हते.

"दाजी, इथं घोडदळानं बोटी पकडल्या," तू म्हणालास.

"घोडे पोहत गेले की काय?"

"ऐका तर खरं. तुमच्या कोर्टात तरी साक्षीदाराला बोलू देतात ना?"

मग शैलाने प्रवासासाठी आणलेल्या शेंगदाण्यांच्या पुडीतले दाणे तू गाडीच्या बॉनेटवर मांडलेस. दाणे म्हणजे बोटी, आणि गाडीची किल्ली म्हणजे तोफ. इथल्या यादवी युद्धाच्या शेवटाकडची ती गोष्ट. उत्तरेच्या सैन्याचे मोठे कोठार नदीच्या काठी होते; आगबोटींनी आलेला माल तिथे उतरायचा आणि आगगाडीने पुढे जायचा. दक्षिणेच्या घोडदळाकडे त्या पाण्यात घालायला एक होडी नव्हती. त्यांनी तोफा झाडीतून ओढत आणल्या आणि काठावर दोन ठिकाणी लपवल्या. बोट पहिल्या तोफांपुढून जाऊ लागली की गप्प बसायचे. ती दोन्ही जागांच्या मधोमध आली की दोन्हीकडून तोंड उघडायचे. मग बोटीला पुढे वाट नाही आणि मागेही नाही. अशा रीतीने त्यांनी एक तोफबोट आणि एक मालबोट धरली, आणि काल जे खोगिरावर होते ते आज सुकाणूवर उभे राहिले.

"त्यांना हुकूम एकच होता," तू म्हणालास. "काठावरून आपल्या तोफा चालल्यात, त्यांच्या पुढं जायचं नाही. पण घोडेस्वारच ते! घोडा कधी थांबवायचा ते त्यांना कळत होतं, पाणी कधी थांबतं ते कुठं माहीत? मालबोट वळणापुढं निघून गेली. तोफा मागं चिखलात. आणि वळणापलीकडं शत्रूच्या बोटी उभ्याच."

"आणि?"

"आणि काय? बोट काठाला घातली न् पळाले. पाय त्यांचेच होते."

शैला इतकी हसली की दोन बोटी तिने खाऊन टाकल्या. मी मात्र विचारले की ही जप्ती कोणत्या कायद्याखाली मोडते. समुद्रावर पकडलेल्या गलबतावर पकडणाऱ्याचा हक्क लागतो. नदी म्हणजे समुद्र नव्हे, आणि स्वार म्हणजे खलाशी नव्हेत. तू कपाळाला हात लावलास. "ताई, ह्यांना तोफा दिसतच नाहीत गं. ह्यांना कलम दिसतं." तो वाद आपण कधी मिटवला नाही. तू म्हणायचास, कायदा बोटीवर चढत नाही, माणसे चढतात. मी म्हणायचो, माणसे उतरल्यावर बोट कोणाची हे कायदाच सांगतो. मागच्या दिवाळीच्या फोनवरही आपण तिथेच होतो. आता तू उत्तर देणार नाहीस याचा अर्थ मी जिंकलो असा मी लावत नाही. प्रतिपक्ष गैरहजर असताना मिळालेल्या निकालाला मी कधीच निकाल मानलेले नाही.

गोष्टीचा शेवट तू त्या दिवशी हलक्या आवाजात सांगितलास. कोठारासमोर, पलीकडच्या काठावर, घोडदळाने गुपचूप तोफा रोवल्या. गोळे पडू लागले. धक्क्याला लागलेल्या बोटी आता शत्रूच्या हाती पडणार या धास्तीने कोठाराच्या अधिकाऱ्यांनी स्वतःच आपल्या बोटींना आगी लावल्या. आग धक्क्यावर गेली, धक्क्यावरून कोठारात. "शत्रूचं अर्धं काम ह्यांनीच करून दिलं," तू म्हणालास, आणि बॉनेटवरचे उरलेले दाणे गोळा करून शैलाच्या हातात ठेवलेस. हे वाक्य पुढे माझ्या वाटेत आडवे येणार आहे, हे तेव्हा मला माहीत नव्हते.

निवृत्त झाल्यावर तू ती लढाई बांधायला घेतलीस. बांधलीस कशी, तर कराडच्या तुमच्या आळीत दिवाळीला किल्ला बांधतात तशी! विटा, त्यांच्यावर ओले पोते, पोत्यावर चिखल, चिखलावर अळीव. त्या नदीकाठच्या गावातल्या छोट्या संग्रहालयाच्या लोकांनी टेनेसीचा काठ हिरवागार उगवताना पाहिला तेव्हा त्यांना ती जादू वाटली. समितीचे अध्यक्ष तुला विचारत होते की हे गवत कोणत्या कंपनीचे. "न्यू जर्सीतल्या आयसेलिनच्या देशी दुकानातून ताई पाठवते," तू सांगितलेस, आणि ते अगदी खरे होते. अळिवाच्या पुड्या इथूनच जात होत्या. शैला त्यांच्याबरोबर डिंकाचे लाडूही घालत असे, आणि त्यांतले काही समितीच्या बैठकीत पोहोचत असत. हे मी आज मुद्दाम नोंदवतो. माझ्या घरचे लाडू खाल्लेले लोक आहेत ते.

नदी तू निळ्या काचेची केलीस. तोफबोट लाकडाची, हाताने कोरलेली, सुकाणूचे चाकसुद्धा फिरणारे. अलीकडच्या काठावर झाडीत तोफा आणि स्वार. त्या स्वारांमध्ये पुण्याहून आणलेला एक मातीचा मावळा तू खुशाल उभा केलास, पागोट्यासकट. मुले विचारत, हा कोण? तू सांगायचास, "हा पाहुणा आहे. लढाई बघायला आलाय." आणि पलीकडच्या काठावर, कोठाराच्या बाजूला, तू काळ्या रंगाचे सैनिक उभे केलेस, कारण ते तिथे होते. त्या दिवशी नदीपलीकडून उलट गोळ्या झाडणाऱ्यांमध्ये असे सैनिक होते जे काल-परवापर्यंत कोणाच्या तरी मालकीचे होते. आणि अलीकडच्या काठाचा सेनापती युद्धाआधी माणसे विकण्याचा धंदा करत असे. ज्यांना विकले तेच समोर बंदूक घेऊन उभे. फलकावर तू एवढे एकच वाक्य याविषयी लिहिलेस, शांत, विशेषणांवाचून. मला ते लिहायला सांगितले असते तर चार पाने झाली असती.

प्रतिकृती तू संग्रहालयाला देऊन टाकलीस तेव्हा बक्षीसपत्र मी केले. त्यात मी एक अट घातली: प्रतिकृती आणि फलकावरचा मजकूर ही एकच वस्तू समजावी, आणि मजकूर देणाऱ्याच्या संमतीवाचून बदलल्यास देणाऱ्याला अथवा त्याच्या वारसाला प्रतिकृती संपूर्ण किंवा अंशतः परत नेण्याचा अधिकार राहील.

"दाजी, हा किल्ला आहे, फ्लॅट नव्हे," तू म्हणालास.

"सही कर."

"ह्यात महाराजांची पण सही लागेल का?"

सही केलीस. अध्यक्षांनीही केली, न वाचता. न वाचता सही करणाऱ्या माणसाची मला आयुष्यभर कीव येत आली आहे. या एका माणसाची येत नाही.

मग गेल्या हिवाळ्यात समिती बदलली, अध्यक्ष तेच राहिले, आणि एके दिवशी तू अळिवाला पाणी घालायला गेलास तर फलक नवा होता. 'शूर स्वारांनी असामान्य साहसाने' वगैरे. तुझे वाक्य नव्हते. तू मला फोन केलास तो दुसऱ्याच कामासाठी, बोलता बोलता म्हणालास, "त्यांनी जरा बॅलन्स केलंय, दाजी."

"तुला विचारलं?"

"नाही."

"लेखी कळवलं?"

"अहो, पाणी घालायला गेलो तेव्हा कळलं."

"नोटीस देतो."

"नका," तू म्हणालास. "फलक कोण वाचतंय? शाळेची पोरं येतात, ती किल्ला बघतात. एखादं विचारतंच, पलीकडचे हे काळे सैनिक कोण. मग मी सांगतो. मी आहे ना तिथं."

मी आहे ना तिथं. यशा, या युक्तिवादात एक भोक होते आणि ते आपल्या दोघांनाही दिसत होते. तुझे हृदय तेव्हाच थकलेले होते. तरीही तू जात राहिलास. ज्या फलकाने तुला खोटे पाडले त्याच्या शेजारी, खुर्ची टाकून, मुलांची वाट पाहत बसलास. अध्यक्षांनी मुलांसमोर तुला "जरा पॉझिटिव्ह बोला ना" असे सुचवले, हे तू मला सांगितले नाहीस, शैलाला सांगितलेस. तुझ्या मृत्यूला ते जबाबदार आहेत असे मी कुठेही लिहिणार नाही. कारणसंबंध सिद्ध करता येत नाही. त्यांनी तुझा शेवटचा हिवाळा कडू केला, एवढे मात्र सिद्ध करता येते, आणि मला तेवढे पुरेसे आहे.

तू गेल्याचे कळले तेव्हा मी तुझ्याचसाठी नोटिशीचा मसुदा करत होतो. तुझी परवानगी नव्हती, तरी करत होतो. तुला कायद्याचे कवच देत काठाकाठाने चालावे, असा माझा बेत होता. आणि तू वळणापलीकडे निघून गेलास, तुझ्या त्या मालबोटीसारखा, माझ्या तोफांच्या टप्प्याबाहेर. माझ्या तोफा अजून चिखलातच आहेत, यशा.

बाकाचे पत्र आले त्या दिवशी मी शैलाला म्हणालो, "आता पूर्ण प्रतिकृती उचलून आणतो. काच, विटा, पोतं, सगळं. रिकामी खोली राहू दे त्यांना. वारस तू आहेस. मी नुसता तुझा वकील. फक्त हो म्हण."

ती गवारीच्या शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आणून ठेवणार कुठं? गॅरेजमध्ये?"

"जागेचा प्रश्न दुय्यम आहे."

"तो म्हणायचा ते विसरलात का? स्वतःच्याच बोटी जाळल्या त्यांनी. सगळं उचलून आणलंत तर त्यांचं अर्धं काम तुम्हीच कराल. पलीकडचे ते सैनिक पण जातील गॅरेजात. मग तर प्रश्नच मिटला त्यांचा."

मला गप्प बसवणारे या कुटुंबात दोघेच होते. आता एकच आहे.

मग ती सांगू लागली. "लहानपणी आळीत किल्ल्यांची स्पर्धा होती. चिखल मी तुडवायचे आणि नाव ह्याचं. एका वर्षी आमचा किल्ला सगळ्यांत चांगला झाला, आणि पहिला नंबर दिला मंडळाच्या सेक्रेटरीच्या मुलाला. मी म्हटलं, मोडून टाकू. ह्यानं मोडला नाही. वरच्या सिंहासनावरून महाराज तेवढे उचलले, खिशात घातले आणि घरी येऊन जेवायला बसला. दिवाळीभर बघायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, अरे, महाराज कुठे गेले? आणि प्रत्येकाला कारण सांगावं लागायचं. सेक्रेटरीच शेवटी हात जोडत आला."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही कलमं विचारता." तिने शेंगांचे ताट बाजूला सारले. "विमानाची तिकिटं काढा. मी पण येणार."

माझा लेखी नकार न जुमानता त्यांनी बाकाचे अनावरण ठेवलेच, आणि त्या दिवशी आम्ही संग्रहालयात पोहोचलो. अळीव उपटून टाकलेले होते. त्याच्या जागी प्लास्टिकचे गवत, चकचकीत, एकाच उंचीचे. शैलाने ते बोटाने दाबून पाहिले आणि हात पदराला पुसला. अध्यक्ष दोन्ही हात पसरून आले. "वुई लव्ह्ड जॅश," ते म्हणाले.

"यशवंत," शैला म्हणाली.

"येस, येस. जॅश."

मी त्यांच्या हातात बक्षीसपत्राची प्रत दिली आणि अट वाचून दाखवली, सावकाश, त्यांच्याच इंग्रजीत. ऐकताना त्यांचा चेहरा कसा झाला याचे वर्णन मी करत नाही. इतकेच सांगतो की या वयात मला इतके समाधान क्वचित मिळते. ते म्हणाले, हा प्रसंग दुःखाचा आहे, कायद्याची भाषा आज नको. मी म्हणालो, दुःख आमचे आहे, त्यामुळे त्याची भाषा आम्ही ठरवू. ते म्हणाले, यावर नंतर शांतपणे बोलू. मी म्हणालो, शांतपणे बोलणारा माणूस तुमच्याकडे रोज येऊन बसत होता. आता त्याच्या जागी मी आहे, आणि मी शांत नाही.

तेवढ्यात शैला दोरीच्या आत गेली. कोणी अडवले नाही. म्हाताऱ्या, पांढऱ्या साडीतल्या बाईला कोण अडवणार? तिने निळ्या काचेवरून तोफबोट दोन्ही हातांनी उचलली, लहान मूल उचलावे तशी, आणि छातीशी धरून बाहेर आली. बाकी कशालाही तिने हात लावला नाही. काठावरच्या तोफा तशाच, स्वार तसेच, पलीकडचे सैनिक तसेच. तुझा मावळाही आम्ही तिथेच ठेवला आहे. साक्षीदार जागेवर असावा.

बाहेर पडताना मी मागे वळून पाहिले. सगळ्या तोफा रोखलेल्या, आणि समोर रिकामे पाणी. अनावरणासाठी आलेल्यांपैकी एक बाई अध्यक्षांना विचारत होती, "हे सगळे नेमके कशावर गोळ्या झाडताहेत?" अध्यक्ष काही उत्तर देण्याच्या आत तिची नात पलीकडच्या काठाकडे बोट करून म्हणाली, "अँड हू आर दे?"

ते उत्तर त्यांना द्यावे लागेल, यशा. आज, उद्या, शाळेच्या प्रत्येक बसला. तू तिथे नाहीस, म्हणून त्यांनाच द्यावे लागेल.

बोट आता आमच्या खिडकीत आहे. शैला तिच्यावरची धूळ रोज पुसते आणि सुकाणूचे चाक एकदा फिरवून पाहते. काल अध्यक्षांची विचारणा आली: बोट कधी परत मिळेल? मी कागद ओढला आणि सवयीने कलमवार लिहायला बसलो. पहिले पान भरले, दुसरे भरले. मग तू आठवलास. संपादकांना, नगरपालिकेला, विमा कंपन्यांना मी लिहिलेली प्रत्येक तक्रार पाठवण्याआधी तू वाचायचास, माझी पत्रे शेवटपर्यंत वाचणारा या पृथ्वीवर तू एकटाच होतास, आणि याबद्दल मी तुझे कधी आभार मानले नाहीत, कारण तू दर वेळी एकच शेरा द्यायचास: "दाजी, एक पान कमी करा. लागतंय तिथंच लागू दे."

मी एक पान फाडले. मग दुसरेही फाडले. त्यांना एका ओळीचे पत्र गेले आहे, माझ्या आयुष्यातले सर्वांत लहान:

यशवंतचे वाक्य जागेवर येईल त्या दिवशी.